तीनशे लिटरांचा समुद्र

गडचांदूरला समुद्र आहे असे कोणी म्हटले, तर ऐकणारा त्याच्या तोंडाकडे पाहत राहील, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. आमच्या गावापासून बंगालचा उपसागर सरळ रेषेतही चारशे किलोमीटरांहून दूर आहे. मुंबईचा अरबी समुद्र तर साडेसहाशे किलोमीटरांच्याही पलीकडे. एका अंगाला माणिकगडचे डोंगर व रान, जवळच अमलनाल्याचे धरण, सभोवती कापसाची आणि तुरीची शेते, आणि क्षितिजावर सिमेंटच्या कारखान्यांची धुराडी, असा आमचा मुलूख. तरीही मी म्हणतो की येथे एक नव्हे, दोन समुद्र आहेत. पहिला आमच्या पायांखाली आहे. ज्या चुनखडीच्या जोरावर हे कारखाने चालतात, ती पैनगंगा-समूहाची चुनखडी म्हणजे एका आदिम समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ होय. भूगर्भशास्त्रज्ञ तिचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात, किंबहुना त्याहूनही अधिक सांगतात. त्या समुद्रात मासा नव्हता, शंख नव्हता, शिंपला नव्हता. हे सारे पृथ्वीवर अवतरण्यास अजून कोट्यवधी वर्षे लोटायची होती.

दुसरा समुद्र आमच्या दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, काचेच्या टाकीत आहे. तो तीनशे लिटरांचा आहे, आणि तो मी निर्माण केलेला नाही; माझ्या मुलीने केला. नागपूरला वैद्यकीचे शिक्षण घेत असताना तिला हा नाद लागला. पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर तिची नेमणूक झाली, तेव्हा समुद्र बरोबर नेणे शक्य नव्हते म्हणून तिने तो आमच्या स्वाधीन केला. "बाबा, तुम्ही आयुष्यभर चुनखडी तपासलीत, आता थोडं पाणी तपासा," एवढेच ती जाताना म्हणाली. सिमेंटच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही थट्टा मानवण्यासारखी होती. परंतु ठेव ती ठेवच. दुसऱ्याचे दागिने सांभाळणे सोपे. ते भुकेजत नाहीत आणि आजारीही पडत नाहीत.

समुद्र तयार करावा लागतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घरातले मीठ पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ह्यांचे क्षार समुद्रात ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात मिसळलेले खास मीठ आणावे लागते. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात ते लिटरमागे पस्तीस ग्रॅम टाकतात. म्हणजे आमच्या टाकीला साडेदहा किलो मीठ लागले. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो, टाकीतले पाणी उडून जाते आणि मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोज मोजून गोडे पाणी घालावे लागते. ह्या खटाटोपाला पूर्वपरंपराही आहे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईने किनाऱ्यावरचे जिवंत पोवळे लंडनला घरी आणले, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरच्या मोलकरणीकडून ते पाणी रोज खिडकीशी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतवून घेऊन ते जगविले. आज ते काम विजेचा पंप करतो, आणि वीज गेली की आम्हां नवरा-बायकोला त्या मोलकरणीची आठवण येते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. शाळेत असताना सहलीबरोबर जाऊन मी ते पाहिले होते, आणि असे काही घरी असू शकते ही कल्पनाही तेव्हा मनाला शिवली नव्हती.

आमच्या समुद्रात पाच मासे होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारी विदूषक माशांची एक जोडी, हिरवट झाक असलेले दोन चिमुकले क्रोमिस, आणि एक निळा टँग. ह्या शेवटच्याचा निळा रंग असा, की तसा रंग मी ह्या भागात फक्त निळकंठ पाखराच्या पंखांत पाहिला आहे. मुलीने तो पहिल्या पगारातून घेतला होता. ह्यांखेरीज एक समुद्रपुष्प, दोन कोळंब्या आणि काही गोगलगायी. विदूषकांची जोडी समुद्रपुष्पाच्या बोंडांत लोळत असे. निळा मात्र दिवसभर टाकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालीत असे. माझी पत्नी त्याला 'येसकर' म्हणे. गावाची राखण करीत फिरणारा तो येसकर.

कार्तिकातल्या एका सकाळी घरकामाला येणाऱ्या मावशी केर काढता काढता टाकीपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मासोयीच्या आंगावर देवी आल्या जी!"

रोगाचे इतके अचूक वर्णन मी नंतर कोणत्याही पुस्तकात वाचले नाही. निळ्याच्या अंगावर, परांवर, डोळ्यांच्या कडेला मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठले होते. तो खडकाला अंग घाशीत होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. दुपारपर्यंत हिरव्या क्रोमिसांवरही ठिपके दिसू लागले. मावशींच्या लहानपणी देवीची साथ गावोगाव फिरत असे. भारतातला तिचा शेवटचा रोगी १९७५ सालचा. त्या रोगाची आठवण त्यांच्या डोळ्यांत ताजी होती, आणि त्यांनी नकळत टाकीला हात जोडले.

ह्या व्याधीला कारणीभूत होणारा जीव एकपेशीय आहे. जपानी संशोधकांना तो १९३०च्या दशकातच आढळला होता. १९५१ साली ब्राउन ह्या इंग्लंडमधील संशोधकाने त्याला 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' असे शास्त्रीय नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ 'गुप्त केंद्रक असलेला'. नाव त्याला शोभते, कारण त्याचे सारे सामर्थ्य लपण्यात आहे. त्याच्या आयुष्याच्या चार अवस्था आहेत, आणि त्या नीट समजल्यावाचून त्याच्याशी झुंज देणे म्हणजे अंधारात काठी फिरविणे होय. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या त्वचेखाली शिरून त्याच्या पेशींवर पोसतो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. तीन ते सात दिवसांत पोट भरले, की तो आपण होऊन मासा सोडतो आणि काही तास तळाशी सरपटतो. मग दगडाला, वाळूला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती टणक कोश विणतो, आणि त्या कोशात त्याचे विभाजन सुरू होते. एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत एका कोशातून दोनशेपर्यंत पिल्ले निघतात. ही पिल्ले अंगावरच्या सूक्ष्म रोमांनी पोहत मासा शोधू लागतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. सापडला तर पुन्हा पहिल्यापासून सारे सुरू.

कोश फुटण्याची वेळही विलक्षण आहे. पिल्ले बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात, काळोखात बाहेर पडतात. त्या वेळी मासा तळाशी, आपल्या ठरलेल्या कपारीत निजलेला असतो, आणि कोश नेमके तेथेच, त्याच्या अंथरुणाशेजारी चिकटलेले असतात. ज्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, अशा जीवाने घरफोड्याची ही वेळ कशी साधली असेल ह्या विचाराने मी थक्क होतो.

पाचव्या दिवशी सकाळी ठिपके नाहीसे झाले. निळा पुन्हा येरझारा घालू लागला, त्याने अन्नही घेतले. घरात आनंदीआनंद झाला. मावशींनी देवीला नारळ बोलला होता तो फोडायचे ठरले. पत्नीने मुलीला फोन लावून आनंदाची वार्ता सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग मुलगी म्हणाली, "आई, बाबांना फोन दे." आणि मला म्हणाली, "बाबा, आता खरी सुरुवात आहे. माझ्याकडे रोज हेच चालतं. ताप उतरला, की लोक गोळ्या टाकून देतात."

ती ज्या भागात काम करते तेथे हिवतापाचे ठाण आहे. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा फार मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा असतो. हिवतापाचा जंतूही असाच अनेक रूपांचा. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो पाहिला, तेव्हा त्याच्या प्रवासाचा एक हरवलेला टप्पा सापडला. त्याची एक जात रक्तातून नाहीशी झाल्यावरही यकृतात निजून राहते, आणि महिन्यांनी पुन्हा उठते. म्हणून तिच्यासाठी चौदा दिवस वेगळे औषध घ्यावे लागते. चौथ्या दिवशी खडखडीत बरा झालेला, शेतावर जाऊ लागलेला माणूस उरलेले दहा दिवस गोळ्या का खाईल? त्याच्या दृष्टीने रोग संपलेला असतो. मुलगी दारोदार फिरून त्याला सांगते, की दादा, संपला नाही, निजला आहे. लक्षण आणि रोग ह्यांतला फरक सांगणे हेच तिचे अर्धे काम आहे, असे ती म्हणते.

ठिपके आपोआप जातात ह्या एका गोष्टीवर केवढा व्यापार चालतो हेही मला त्या आठवड्यात समजले. एकाने लसूण सुचविला, दुसऱ्याने हळद, तिसऱ्याने मिऱ्याचा अर्क. एका विक्रेत्याने तर एक बाटलीच पाठवून दिली; तिच्यावर लिहिले होते की पोवळ्यांना अपाय नाही, आणि रोग तीन-चार दिवसांत बरा. ते अक्षरशः खरे होते. तीन-चार दिवसांत ठिपके जातातच. बाटलीतून ओता अगर नळातून. ज्या व्याधीला मध्येच विश्रांती घेण्याची सवय आहे, तिच्यावर कोणत्याही भोंदूचे औषध एकदा तरी लागू पडते, आणि तेवढ्यावर त्याची आयुष्यभराची कीर्ती उभी राहते. आमची बाटली अजून फडताळात सीलबंद आहे.

मी कागदावर हिशेब मांडला. पाच मासे, प्रत्येकावर सरासरी तीस ठिपके धरले तरी दीडशे. प्रत्येकाची दोनशे पिल्ले म्हणजे तीस हजार. तीनशे लिटरांत तीस हजार, म्हणजे तांब्याभर पाण्यात शंभर. मोकळ्या समुद्रात हाच जीव माशाबरोबर युगानुयुगे नांदतो आहे. तेथे त्याने माशांची वंशावळ बुडविलेली नाही. कारण मासा ठिपका गळून पडतो त्या जागेपासून तोवर कोठल्या कोठे गेलेला असतो, आणि दोनशे पिल्लांतल्या एखाददुसऱ्यालाच यजमान भेटतो. उरलेली अथांग पाण्यात शोधता शोधता मरतात. समुद्रात तो पाहुणा असतो. टाकीत आला की खुनी होतो. त्याच्या स्वभावात काही पालट होत नाही. पालटतात त्या भोवतीच्या भिंती. मुंबईच्या चाळींत १८९६ साली प्लेग शिरला, तेव्हा त्याला जे बळ आले तेही दाटीचेच होते. आणि आमच्या पूर्वजांनी घरेदारे सोडून रानात झोपड्या घातल्या, तेव्हा शास्त्र न वाचताही त्यांनी त्याचे बळ ओळखले होते.

उपाय ठाऊक होता: तांबे. तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश पाण्यात राखला, तर पोहणारी पिल्ले मरतात. त्वचेखालच्या जंतूला ते पोचत नाही, कोशातल्यालाही पोचत नाही. म्हणून एकेक पिढी बाहेर पडण्याची वाट पाहत किमान तीन आठवडे ते सतत राखावे लागते. प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. त्याहून कमी झाले तर जंतू जगतो. फार वाढले तर मासा मरतो. आणि कोळंबी, गोगलगाय, समुद्रपुष्प ह्यांना तर तेवढेही जहर आहे. शिवाय चुनखडी तांबे खाते. टाकीतले खडक, वाळू, पोवळ्यांचे सांगाडे हे सारे कॅल्शियम कार्बोनेटच. पाण्यात घातलेले तांबे त्यांच्यावर जाऊन बसते आणि औषधाचे प्रमाण तासातासाला ढळते. जिच्या पृथक्करणात माझी तीस वर्षे गेली, ती चुनखडी येथे शत्रुपक्षाला सामील होती! द्राक्षवाल्यांना हे गुपित केव्हापासून ठाऊक आहे. बोर्डो मिश्रणात मोरचुदाचा दाहकपणा मारण्यासाठी ते चुनाच तर घालतात.

तेव्हा मासे हलविणे प्राप्त झाले. मागच्या पडवीत शंभर लिटरांची एक उघडी टाकी मांडली. तिच्यात ना खडक, ना वाळू. निजण्यापुरते प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे. मग मोरचूद तोलला. शंभर लिटरांना वीस मिलिग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे ऐंशी मिलिग्रॅम मोरचूद. जुन्या मापाने पाऊण गुंजेहूनही कमी. ते लिंबूसत्त्वाबरोबर विरघळवून दोन दिवसांत थोडे थोडे घातले. पत्नी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अहो, सोनं तोलतानासुद्धा तुमचा हात असा कापला नव्हता." मी म्हटले, "सोनं चुकलं तर सोनार भरून देतो."

निळा तिसऱ्या दिवशी गेला. पहिल्या हल्ल्यातच त्याचे कल्ले आतून पोखरले गेले असावेत. त्याच्या जातीला ही व्याधी फार लवकर जडते, विदूषकांच्या अंगावरचा बुळबुळीत थर दाट असल्याने ते तुलनेने तग धरतात. पहाटे तो नळाच्या तुकड्याशी आडवा पडलेला होता. रंग मात्र तोच, निळकंठासारखा. मुलीला मीच फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "बाकीचे किती?" मी म्हटले, "चार." "त्यांचं पाणी तपासलंत आज?" असे तिने विचारले, आणि मी 'आता तपासतो' म्हणालो. तिच्या आवाजातला तो कोरडेपणा मला त्या क्षणी बोचला. परंतु नंतर विचार केला, की जिथे एका खाटेवरचा रोगी गेल्यावर शेजारच्या खाटेकडे वळावे लागते, तिथे तो कोरडेपणा ती शिकली असेल. आणि तो शिकल्यावाचून तिला तेथे एक दिवसही उभे राहता आले नसते.

त्या रात्री पत्नीने मला विचारले, "खरं सांगा, समुद्रात असता तर मेला असता का हो तो?"

मी प्रामाणिकपणे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. समुद्रात त्याला मोठ्या माशाने गिळले असते, किंवा वादळाने खडकावर आपटले असते. समुद्र म्हणजे काही माहेर नव्हे. परंतु ह्या रोगाने, ह्या रीतीने, बहुधा नाही. आणि तो समुद्रातूनच आला होता. विदूषक मासे हल्ली घरबंद पैदाशीतून मिळतात. आपल्याकडेही केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ते तंत्र बसविले आहे. निळ्या टँगची पैदास मात्र फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा साधली ती २०१६ साली, आणि बाजारात येणारे बहुतेक टँग अजूनही प्रवाळखडकांतून धरलेले असतात. म्हणजे ज्या भिंतींनी त्या जंतूला खुनी केले, त्या भिंतींची किंमत निळ्याने दोनदा मोजली: एकदा येरझारा घालून, आणि एकदा मरून. हे ऐकून पत्नी म्हणाली, "मग येसकर नव्हता तो. कैदी होता." ह्यावर मला काही बोलता आले नाही.

इकडे मोठी टाकी रिकामी होती; म्हणजे मासे नव्हते, बाकी सारे होते. शास्त्र असे सांगते, की जंतूचे कोश बहुधा चार आठवड्यांत फुटतात. परंतु क्वचित एखादा बहात्तर दिवसांपर्यंतही तग धरल्याची नोंद आहे. म्हणून जाणते लोक अशी टाकी शहात्तर दिवस माशांवाचून ठेवतात. कोश फुटेल, पिल्ले निघतील, मासा शोधतील, आणि त्यांना कोणीही भेटणार नाही. समुद्रपुष्प, कोळंबी, गोगलगाय ह्यांच्याशी त्यांना कर्तव्य नाही. औषध नाही, विष नाही. फक्त घर रिकामे ठेवायचे.

आमच्या शेजारी एक कास्तकार राहतात. त्यांची सहा एकर कपाशी आहे. टाकीत मासे नाहीत आणि दिवा मात्र जळतो हे पाहून त्यांनी कारण विचारले. मी सांगितले. ते हसून म्हणाले, "म्हणजे तुमी फरदड नाही ठेवत म्हना की! फरदड ठेवली का अळीले घर ठेवलं." क्षणात त्यांना सारे समजले होते. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. पीक डिसेंबर-जानेवारीत संपवून पऱ्हाट्या काढून टाकल्या, तर मधल्या महिन्यांत तिला खायला काही उरत नाही, आणि तिची साखळी तुटते. परंतु शेवटच्या चार क्विंटलांच्या आशेने उभे पीक तसेच राखले, तर अळी पुढच्या हंगामात त्याच्यावरूनच उतरते. २०१७ साली विदर्भात तिने काय केले ते आमच्या भागाने पाहिले आहे. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधेने अनेक शेतकरी आणि मजूर प्राणास मुकले. घर रिकामे ठेवण्याचा स्वस्त उपाय जिथे साधत नाही, तिथे विषाची मात्रा वाढत जाते, आणि ते विष कोणाला आधी लागेल ह्याचा नेम नसतो. कास्तकाराला हे कळत नाही असे नव्हे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला चार क्विंटल सोडा म्हणणे सोपे, सोडणे कठीण. माझी टाकी शहात्तर दिवस रिकामी राहिल्याने माझ्या ताटातली भाकरी कमी होणार नव्हती.

ह्याच रीतीने आपल्या देशाने एक मोठा शत्रू घालविला आहे, आणि त्याचे स्मरण आता फारसे कोणाला राहिलेले नाही. तो म्हणजे नारू. त्याच्यावर लस नव्हती, रामबाण औषध नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत रोग्याने पाय बुडविला की त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जात, तेथे त्या सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात वाढत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांब किडा बाहेर पडे. लोकांनी केले एवढेच, की पाणी दुहेरी फडक्यातून गाळले, आणि पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे थांबविले. भारतातला नारूचा शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. माझी आजी घागरीच्या तोंडाला फडके बांधीत असे ते सोवळ्यासाठी, अशी माझी समजूत होती. आज वाटते, त्या फडक्याच्या घडीत केवढे शास्त्र होते! बांडगुळासारखा दुसऱ्यावर जगणारा जीव यजमानाच्या अंगात असतो तोवर बलवान असतो. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना तो उघडा, भुकेला आणि अल्पायुषी असतो. त्याला गाठायचा तर त्या वाटेवर.

शहात्तर दिवस मोजण्याचे काम मावशींनी आपणहून घेतले. दिनदर्शिकेवर त्या रोज कुंकवाचा एक ठिपका लावीत. तिसाव्या दिवसापर्यंत मी रोज तांबे मोजत होतो, पाणी बदलत होतो, बदललेल्या पाण्याबरोबर गेलेले तांबे पुन्हा पुरवीत होतो. चौदाव्या दिवशी एक क्रोमिस गेला. उरले तिघे. तिसाव्या दिवशी तांबे काढून टाकले, आणि उरलेले सहा आठवडे नुसते पाहत बसलो. पाहत बसणे हा उपचारातला सर्वांत कठीण भाग होय, हे मुलीचे म्हणणे मला तेव्हा पटले. मोठ्या टाकीत समुद्रपुष्पाला मी दोन दिवसांनी एकदा कोळंबीचा बारीक तुकडा देत असे. ते आपली बोंडे हलवीत राही. त्याला आपल्या जोडीदारांची उणीव भासत होती की नाही हे मला सांगता येणार नाही. मला भासत होती.

संक्रांतीनंतर काही दिवसांनी शहात्तरावा ठिपका पडला. आदल्या रात्री मुलगी दोन दिवसांच्या रजेवर घरी आली होती. तिनेच तिघांना मोठ्या टाकीत सोडले. विदूषकांची जोडी थोडा वेळ काचेशी घुटमळली, आणि मग समुद्रपुष्पात शिरली. आम्ही चौघे, मावशी धरून, टाकीसमोर बसलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, आता एखादा निळा आणू या का?" हे तिने मला विचारले, परंतु पाहिले आईकडे. पत्नीने मान हलविली. "त्याची जागा मोकळीच राहू दे," ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या समुद्रात तीनच मासे आहेत. पुढे कधी भर पडलीच, तर ती पैदाशीतल्या माशांची पडेल, आणि तीही पडवीतल्या टाकीत सहा आठवडे राहून. ती टाकी आता कायमची मांडलेली आहे. मुलगी रजा संपवून परत गेली. निघताना तिने पाण्याच्या तपासणीची वही चाळली, दोन ठिकाणी आकडे पुन्हा वाचले, आणि वही जागच्या जागी ठेवून दिली.